अण्णांच्या गाडीखालचं तेल

प्रिय अण्णा,

आज तुमच्या गाडीचा सौदा मोडला. मीच मोडला. गिऱ्हाईक अर्ध्या वाटेवर आलं होतं, त्याला फोन करून परत पाठवलं, आणि तेव्हापासून इतकी खूश आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुधीरला सांगून झालं. पुण्याला हेमंतला फोन करून झाला. पण ज्या माणसाला हे सांगण्यात खरी मजा, तो गेल्या पावसाळ्याच्या आधीच निघून गेला. मग काय करणार? बसले लिहायला. आई आत मासे साफ करतेय, मला तिने स्वयंपाकघरातून हाकलून दिलंय, त्यामुळे वेळही आहे.

तुम्ही म्हणाल, कल्पू, मुळात गाडी विकायला काढलीसच कशाला? थांबा, चिडू नका. क्रमाने सांगते. गणिताच्या मास्तरांना पायऱ्या गाळलेल्या चालत नाहीत, हे माहितीय मला.

तर तुम्ही गेल्यापासून गाडी अंगणातल्या कोब्यावर नुसती उभी. मी शनिवार-रविवार तुळिंजहून आईकडे यायचे, तेव्हा ती चालू करून वाडीच्या रस्त्याने एक चक्कर मारायचे आणि पुन्हा कव्हर घालायचे. कव्हरवर फणसाची पानं, कव्हराखाली मांजरीची पिल्लं. हेमंत दिवाळीला आला होता. म्हणाला, ताई, उभ्या उभ्या गंजून जाईल ती, त्यापेक्षा कुणाला तरी वापरू दे. त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मीही हो म्हटलं. आईला विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता मान वर न करता म्हणाली, "विका की. मला काय करायचीय ती."

तुम्हाला आई माहितीच आहे. म्हणजे तुम्हाला ती किती जास्त माहिती होती, हे मला आत्ता कळतंय, पण ते पुढे सांगते. आम्हाला माहीत असलेली आई म्हणजे मोजकी वाक्यं. जेवलीस का. दिवा लाव. छत्री घेऊन जा. त्यापलीकडे ती कधी बोललीय का आमच्याशी? त्यामुळे ती 'विका की' म्हणाली म्हणजे विषय संपला, असं धरून आम्ही कामाला लागलो.

विकायची तर नीट करून विकावी, म्हणून तेल बदलायचं मी ठरवलं. आणि तेही गॅरेजला न देता, घरी, तुमच्या पद्धतीने. सुधीर म्हणाला, तू सातिवलीच्या कंपनीत बसून बिलं करणारी बाई, तुला हे जमणार आहे का? झालं! जमणार नसतं तरी आता जमवणं भाग होतं. माझा स्वभाव तुमच्यावर गेलाय असं सगळे म्हणतात, मग जावयाने तो भोगायला नको?

तुमची पद्धत म्हणजे केळीचा पाट. आठवतंय ना? गाडी हळूहळू वाडीत न्यायची, पाणी नसलेल्या पाटाच्या दोन्ही अंगांना चाकं येतील अशी उभी करायची, चाकांना दगड लावायचे, आणि मास्तर जुना पंचा गुंडाळून पाटात आडवे! अख्ख्या वसईत दुसरा कुणी असं तेल बदलत असेल, असं मला वाटत नाही. शेजारचे काका कुंपणापलीकडून मुद्दाम ओरडून विचारायचे, मास्तर, पंप चालू करू का? आणि तुम्ही गाडीखालून त्यांना जे ऐकवायचात, ते शाळेतल्या पोरांच्या कानावर कधी पडलं नसेल.

मी टॉर्च धरायचे. तेवढंच माझं काम. जरा हात हलला की तुमचं सुरू, "कल्पू, केळी नको दाखवूस, बोल्ट दाखव." काळं जळकं तेल पत्र्याच्या डब्यात पडायचं. ते तुम्ही थेंबही न सांडता पंपाच्या खोलीतल्या कॅनमध्ये ओतून ठेवायचात. मग वर्षभर ते फाटकाच्या खांबांना आणि मांडवाच्या बांबूंना लागायचं, वाळवी येऊ नये म्हणून. घरातल्या साजूक तुपाला कुणी इतकं जपलं नसेल! मीही या वेळी तसंच केलं. सगळं जळकं तेल कॅनमध्ये भरलं, नवीन फिल्टर आवळला, इंजिनात नवीन तेल ओतलं, मधासारखं पिवळंधम्मक. पट्टी ओढून पातळी बघितली आणि पाटातून वर आले, तेव्हा कोपरापासून गालापर्यंत काळी झाले होते. आईने मला एकदा खालून वर बघितलं, आत जाऊन साबण आणि नारळाचा काथ्या आणून हातात दिला. तुमच्याही हातात हेच पडायचं का?

आता तुमच्यावरची तक्रार ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोब्यावर जेवणाच्या ताटाएवढा तेलाचा डाग! आणि त्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक येणार. मी भुसा टाकून, घासून घासून डाग काढला, तर तोपर्यंत शेजारी नवीन सुरू. नुकतंच लग्न झालेलं जोडपं होतं, आमच्या तुळिंजच्या मागच्या बिल्डिंगमधलं. मुलगा गाडीत बसला, आरशात केस नीट केले, हॉर्न वाजवून बघितला. मुलीने मागच्या सीटवर बसून दार लावून बघितलं. सगळं छान चाललं होतं. मग त्याला काय बुद्धी झाली, खाली वाकला. आणि तो वाकलेला असतानाच टप्पकन एक थेंब पडला.

मी म्हटलं, कालच तेल बदललंय. तर म्हणतो कसा, म्हणजे कालच्यापेक्षा आज कमी असेल ना, ताई? शहाळ्याचं पाणी प्यायले, घरी विचारून सांगतो म्हणाले, आणि रिक्षाने निघून गेले. मी इतकी चिडले की दुपारी जेवलेच नाही. आणि आईने त्या दिवशी केळं घालून शिरा केला! सत्यनारायणाला करते तसा, तूप सोडून. मी विचारलं, आज काय विशेष? म्हणाली, केळी पिकली होती.

बरं, ते तेल का गळत होतं ते ऐका. सोमवारी कामावर जाताना गाडीच घेऊन गेले आणि सातिवलीला एका गॅरेजात दाखवली. मेकॅनिकने फिल्टर काढला आणि माझ्यापुढे धरला. फिल्टरच्या तोंडाला रबराची रिंग असते ना, ती नवीन फिल्टरबरोबर नवीन येते. जुनी रिंग जुन्या फिल्टरबरोबर निघायला हवी होती, ती इंजिनलाच चिकटून राहिली. मी तिच्यावरच नवीन फिल्टर आवळला. रबरावर रबर बसलं की तेल वाट काढणारच.

आणि तेव्हा मला एकदम आठवलं. बांगडी! दर वेळी तुम्ही गाडीखालून हात बाहेर काढायचात आणि म्हणायचात, घे कल्पू, तुझी बांगडी. ती काळी, तेलकट रिंग मी हातात घालून अंगणभर मिरवायचे आणि आईचा ओरडा खायचे. मला वाटायचं, पोरीने इतका वेळ टॉर्च धरला म्हणून बक्षीस! अहो अण्णा, जुनी रिंग आठवणीने बाहेर काढायचीच असते, हे एकदा तरी सांगायचंत की नाही? वर्गातल्या पोरांना एकेक पायरी फळ्यावर लिहून द्यायचात, आणि घरच्या मुलीला नुसती बांगडी! या खेपेला पाटातून बाहेर आले तेव्हा हातात बांगडी नव्हती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मेकॅनिकने ती जुनी रिंग फेकायला घेतली, तर मी मागून घेतली. दिवसभर ऑफिसात हातात घालून बसले. लहानपणी कोपरापर्यंत चढायची, आता मनगटावर बरोबर बसली. सगळे विचारत होते, ही कसली नवीन फॅशन? मी म्हटलं, माहेरची आहे.

तर गळती बंद झाली, आणि संध्याकाळी गाडी परत आईच्या कोब्यावर आणून लावली. आठवडाभर आईला रोज फोनवर विचारायचे, गाडीखाली काही आहे का? नाही ग, एकदम कोरडं आहे, असं ती सांगायची. मी निश्चिंत. पुढच्या रविवारी दुसरं गिऱ्हाईक, पाचूबंदरचे एक बोटवाले. त्यांना बायकोसाठी गाडी हवी होती, मासळीच्या टोपल्या बाजारात न्यायला. मागची सीट काढून टाकीन म्हणाले. तुमच्या गाडीची मागची सीट! ज्या सीटवर बिस्किट खाल्लं म्हणून तुम्ही हेमंतला गाडीतून उतरवलं होतंत, ती! मी चेहरा हसरा ठेवला आणि कव्हर काढलं.

खाली तेल.

ते बोटवाले सरळ कोब्यावर आडवे झाले, गाडीखाली हात घालून सगळीकडे फिरवला, हात बाहेर काढून बघितला, आणि म्हणाले, "बाय, वरती सुकं हाय आनि खाली तेल हाय. याचं कारन मला नाय कलत." ज्या गाडीचं दुखणं कळत नाही ती घरात नको, असं म्हणून तेही गेले. आई दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. मला वाटलं, बिचारीला किती वाईट वाटतंय. हो, वाटतंय! हसू दाबत होती ती.

आणि मी? मी त्या गरीब मेकॅनिकला फोन करून इतकं झाडलं की विचारू नका. तो बिचारा म्हणत होता, मॅडम, पट्टी ओढून तेलाची पातळी बघा. बघितली. पातळी जिथल्या तिथे, केसभरही कमी नाही. म्हणजे गाडीतून तेल जात नाही आणि गाडीखाली तेल येतंय! सुधीर म्हणाला, गाडीला गिऱ्हाइकं पसंत नाहीत, दुसरं काय. बरं, डाग पुसताना माझे हात काळेकुट्ट झाले होते. नवीन तेल पिवळं, खाली पडलेलं काळं. ट्यूब पेटायला आणखी काय हवं होतं? पण नाही पेटली. मास्तरांची मुलगी मी, असं कुणाला सांगू नका.

काल रात्री मी मुद्दाम इथेच राहिले. आज सकाळी तिसरं गिऱ्हाईक येणार होतं, विरारहून. भला माणूस वाटत होता फोनवर, सौदा जवळपास ठरल्यातच जमा होता. झोपताना गाडीखाली वाकून बघितलं. कोरडं ठणठणीत. सकाळी उजाडता उजाडता जाग आली, तोंडात ब्रश धरून ओटीवर आले, तर गाडीच्या पुढच्या अंगाला कुणीतरी बसलेलं.

आई होती, अण्णा. पदर कमरेला खोचलेला, एका हातात करवंटी, दुसरा हात गाडीच्या बंपरवर टेकलेला. बाळाच्या टाळूवर तेल घालावं तसं, थेंब थेंब, नेम धरून, इंजिनाच्या बरोबर खाली तुमच्या कॅनमधलं जळकं तेल सोडत होती!

मी हाक मारली. दचकली नाही की काही नाही. म्हणाली, "उठलीस? चहा टाकते."

मी विचारलं, हे काय चाललंय? तिने एकदा करवंटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, खांबांना तेल लावतेय. मी म्हटलं, आई, खांब तिकडे फाटकाला आहेत. तर म्हणते, हल्ली मला जरा कमी दिसतं.

खरं सांगू? आधी मला संताप आला. दोन रविवार मी कोब्यावर पाठ घासली होती, त्या मेकॅनिकशी उभा दावा मांडला होता, आणि ही बाई शांतपणे करवंटीने तेल ओततेय! मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातला फेस अंगावर सांडला. मग जे हसू फुटलं ते थांबेचना. तिथेच कोब्यावर बसले. आई पण हसायला लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि करवंटीतलं उरलेलं तेल तिच्याच पायावर सांडलं.

हसून झाल्यावर आम्ही दोघी ओटीच्या पायरीवर बसलो. मी विचारलं, तुला विकायची नव्हती तर तसं सांगायचं ना? मी काय, हेमंत काय, आम्ही तुझ्या शब्दाबाहेर आहोत का? ती काथ्याने पायाचं तेल पुसत होती. म्हणाली, कारण विचारलं असतंत. मी म्हटलं, मग सांगायचं कारण. तिने पायाचं बोट न् बोट पुसून घेतलं. मग आपल्या घरच्या बोलीत एवढंच म्हणाली. मी शाळेच्या मराठीत लिहितेय, कारण आपली बोली लिहायची कशी ते तुम्ही कधी शिकवलंच नाहीत.

"या घरात मी त्यांच्या शेजारी कधी बसले नाही. गाडीतच बसले."

अण्णा, मी तिथे बसल्या बसल्या मनाने सगळं घर फिरून आले. ओटीवर आजोबा आणि पुरुषमंडळी, तिथे सुना कशा येणार? पानावर तुम्ही सगळे आधी, आई वाढायला, मागून बायकांची पंगत. लग्नाकार्यात तुम्ही एकीकडे, ती एकीकडे. शाळेच्या कार्यक्रमात तुम्ही स्टेजवर, ती बायकांच्या रांगेत मागे. आजी-आजोबा गेल्यानंतरही तुम्ही खुर्चीत आणि आई खाली सुपात काहीतरी घेऊन, हीच सवय राहिली. एकही बाक, एकही खाट मला आठवली नाही, जिथे तुम्ही दोघं शेजारी शेजारी बसलेले मी पाहिलेत. आणि गाडीत ती पुढे, तुमच्या डाव्या हाताला, कायम. आम्हाला पोरांना पुढे बसायचं असायचं, तर तुम्ही म्हणायचात, आईला मागे गाडी लागते. आणि आम्ही विश्वास ठेवायचो!

मला रडू आलं. सरळ सांगते, हसता हसता आलं.

आणि मग ती मासळी! तुम्हाला मासळीचं एवढं वेड आहे, असंच मला आजपर्यंत वाटायचं. दर रविवारी पाचूबंदरला, ताजी मिळते म्हणून. आम्हाला कधी बरोबर नेलं नाहीत, गाडीला वास येतो, पोरांना उलटी होते. सकाळी निघालेली माणसं उन्हं डोक्यावर आल्यावर परतायची. आजी कुरकुरायची, बोंबील पार मऊ पडले. आणि तुम्ही चप्पल काढता काढता दर रविवारी तेच, आज लिलाव उशिरा झाला! आज आईने सांगितलं, मासे तर गेल्या गेल्याच घेऊन व्हायचे. मग तुम्ही धक्क्याच्या पलीकडे गाडी उभी करायचात, चणे घ्यायचात, आणि दोघं बसायचात. नुसते बसायचात! पोरांना खोटं बोललं की छडी आणि स्वतः दर रविवारी लिलाव उशिरा? लबाड कुठले!

पण ऐका, यापुढचं जास्त महत्त्वाचं. एवढं सगळं सांगून आई उठली, हात धुतले, आणि जुनं फडकं घेऊन खाली वाकली. डाग पुसायला लागली, अण्णा. म्हणाली, येऊ दे त्या माणसाला, आता स्वच्छ करून ठेवते. तिच्या लेखी खेळ संपला होता. पकडली गेली होती ना! आता मुलं म्हणतील तसं. मी नको म्हणेन, असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्या फडक्याने मला जे काही झालं, ते करवंटीने झालं नव्हतं.

मी फडकं तिच्या हातातून काढून घेतलं आणि विरारच्या त्या माणसाला फोन लावला. तो निघाला होता. म्हणाला, काय झालं, काही बिघाड निघाला का? मी म्हटलं, गाडी ठणठणीत आहे, म्हणूनच विकायची नाही. माफी मागितली. नंतर मेकॅनिकला फोन केला आणि त्याचीही मागितली, तो बराच वेळ हसत होता. मग हेमंतला. त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, आईला विचार, टायर नवीन टाकू का?" बोलणं कमी, काम जास्त. तो आईवर गेलाय.

आणि मग मी आईला म्हटलं, चल.

कुठे, म्हणाली.

मासे आणायला, म्हटलं.

मासे आणायला कुणी ठेवणीतली साडी नेसतं का हो? ही नेसली! केस विंचरले, चष्मा पुसला, आणि पुढच्या सीटवर अशी बसली की जणू कालच उतरली होती. काच स्वतः खाली केली. मी गाडी फाटकाबाहेर काढली, आणि अण्णा, आई बोलायला लागली.

बोलायला लागली म्हणजे काय, नळ सुटला! फाटकापासून जी सुरुवात झाली ती धक्क्यापर्यंत थांबली नाही. या वळणावरच्या घरातली सून कुणाबरोबर पळून जाता जाता परत आली. इथे पूर्वी मिठागर होतं आणि तुम्ही सायकलसकट त्यात कसे पडला होतात. तुमच्या शाळेचे हेडमास्तर टोप घालायचे आणि तो एकदा वाऱ्याने कसा उडाला. माझ्या बारशाला नावावरून आजी आणि आत्या यांच्यात कशी जुंपली. मग तिने माझ्या सासूबाईंची नक्कल केली. नक्कल, अण्णा! आवाज, हात, मान, सगळं! मला गाडी बाजूला घ्यावी लागली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, रस्ता दिसेना. तुम्हाला तर मी किती बडबडी आहे ते ठाऊक आहे. मध्येच मी माझं काहीतरी सांगायला गेले, तर म्हणाली, थांब, माझं संपू दे.

चाळीस वर्षं ही बाई कुठे होती? गाडीत! तुम्ही ही आई आमच्यापासून लपवून ठेवलीत. दर रविवारी घेऊन जायचात, पोटभर ऐकायचात, आणि आम्हाला घरी आणून द्यायचात ती जेवलीस-का-छत्री-घे वाली. थोडी तरी आमच्यासाठी ठेवायची होती की नाही? माझी तुमच्यावरची खरी तक्रार काय असेल तर ही आहे, बांगडीबिंगडी सगळं माफ.

धक्क्यावर एक मावशी बोंबील विकत बसल्या होत्या. आईला बघून त्यांनी सरकून जागा केली. म्हणाल्या, "मास्तरीनबाय, बऱ्याच दिसांनी." बाकी काही विचारलं नाही. बोंबील दिले आणि वर मूठभर कोलंबी टाकली. आम्ही गाडीकडे आलो. मी चावी लावली, तर आई म्हणाली, एवढ्यात निघायचं?

मग पलीकडे गाडी उभी केली. कुठे उभी करायची ते तिनेच दाखवलं, नेमकी जागा, भिंतीच्या सावलीत, समोर बोटी. चणे घेतले. ती समोर बघत बोलत होती, बोटींवर लावलेले झेंडे, वाळत घातलेली जाळी, हेमंतच्या मुलाचे कान थेट आजोबांसारखे आहेत, वाडीतल्या कोपऱ्यातल्या केळीला या वर्षी घड चांगला धरलाय. आणि बोलता बोलता, अगदी सहज, चणे माझ्यापुढे करत म्हणाली, "अहो, खाता का?"

तिच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी चणे घेतले आणि म्हटलं, "हं." तुम्ही असंच म्हणायचात ना? तुम्हाला दुसरं काही म्हणायला ती संधी देत असेल, असं मला वाटत नाही. ती पुढे बोलत राहिली.

घरी यायला उन्हं डोक्यावर आली. बोंबील जरा मऊ पडलेत.

अण्णा, आता शब्द देते, ऐका. गाडी विकणार नाही. तेल केळीच्या पाटातच बदलीन आणि जुनी रिंग आधी काढीन. दर रविवारी आईला घेऊन पाचूबंदरला जाईन, त्याच जागी गाडी उभी करीन, आणि तिचं बोलून होईपर्यंत मी, मी कल्पना, तोंड बंद ठेवीन. आणि ती पुन्हा कधी मला अहो म्हणाली, तर मी तिला दुरुस्त करणार नाही.

तुमची,
कल्पू